आंधळी सुई आणि डोळस सुई

बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. रसायने, औषधे, पोलाद, कापड असे नाना प्रकारचे कारखाने तेथे आहेत. अशा कारखान्यांतून जाड पोलादी भांडी आणि नळ्या दाबाखाली काम करीत असतात. त्यांचे वेल्डिंगने जोडलेले सांधे आतून निर्दोष आहेत की नाहीत, हे सांधा न कापता कसे ओळखायचे? त्यासाठी तपासनीस सांध्यावर वंगण किंवा जेली चोपडतो, त्यावर काडेपेटीएवढी एक शोधनी टेकवतो आणि हळूहळू सरकवत नेतो. शोधनीला तारेने जोडलेल्या छोट्या पडद्यावर उंचवटे उमटतात. पहिला उंचवटा पृष्ठभागाचा, शेवटचा पलीकडच्या बाजूचा. या दोहोंच्या मध्येच एखादा उंचवटा उगवला, तर आत भेग आहे असे समजायचे. कारखान्याच्या भाषेत या तपासणीला नुसते ‘यूटी’ म्हणतात. तेथून आणखी पश्चिमेला, समुद्रकाठी, २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. किरणोत्सारामुळे जेथे माणसाने फार वेळ थांबणे बरे नव्हे, अशा ठिकाणच्या नळ्यांचे सांधे तपासायलाही हीच रीत उपयोगी पडते.

हे सारे सांगायचे कारण असे, की माणसाच्या हृदयाभोवती साचलेले पाणी सुईने काढण्याची जी शस्त्रक्रिया आज बरीच सुरक्षित झाली आहे, तिचे मूळ या पोलाद तपासणाऱ्या यंत्रात आहे. सुई जुनीच होती. १८४० पासून डॉक्टर ती छातीत खुपसत होते. पण सुईचे टोक कोठे जाणार आहे हे दिसायला १९७९ साल उजाडावे लागले. मधली सुमारे १४० वर्षे ती आंधळी होती.

हृदय छातीत मोकळे लोंबत नसते. त्याभोवती एक दुपदरी पिशवी असते, तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांच्या मध्ये साधारण १५ ते ५० मिलिलिटर, म्हणजे दोनतीन मोठे चमचे पातळ द्रव असतो. हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावते, तेव्हा घर्षण होऊ नये म्हणून हे वंगण. पिशवीचा बाहेरचा पदर चिवट आहे, तो सहजी ताणत नाही. काही रोगांत या पिशवीत द्रव वाढू लागतो. तो महिनोन्‌महिने हळूहळू वाढला तर पिशवीही हळूहळू सैल होत जाते आणि लिटरभर द्रव साचूनही रोगी चालताफिरता असू शकतो. मात्र तोच द्रव काही मिनिटांत किंवा तासांत जमला, उदाहरणार्थ जखमेतून रक्त साचले, तर १५०–२०० मिलिलिटरनेही प्राण जाऊ शकतो. चहाचा एक मोठा पेला भरेल एवढाच हा द्रव! घातक ठरतो तो द्रवाच्या आकारमानापेक्षा त्याचा दाब.

वर्गात हे दाखवायचे असेल तर एक फुगा न ताणणाऱ्या जाड कापडी बटव्यात घालून फुगवायला सांगावा. मग त्याच बटव्यात फुग्याशेजारी पाण्याने भरलेली एक छोटी प्लास्टिकची पिशवी घालून पुन्हा फुगवायला सांगावा. फुगा फुटत नाही, पण त्याला जागा उरत नाही. हृदयाचे नेमके असेच होते. त्याची आकुंचनाची ताकद शाबूत असते. पण प्रसरण पावता येत नाही म्हणून त्यात रक्तच भरत नाही, आणि जे भरले नाही ते पुढे ढकलणार कसे? उजव्या बाजूच्या कप्प्यांतला दाब मुळात कमी असतो, म्हणून ते आधी चेपतात. मानेच्या शिरा फुगतात, रक्तदाब उतरतो, छातीवर नळी ठेवली तर हृदयाचे ठोके दुरून आल्यासारखे ऐकू येतात. ही तीन लक्षणे एकत्र मांडली ती अमेरिकन शल्यविशारद क्लॉड बेक यांनी, १९३५ साली. या अवस्थेला ‘टॅम्पोनाड’ म्हणतात. बूच मारणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून एडमुंड रोझ या जर्मन शल्यविशारदाने १८८४ मध्ये हे नाव रूढ केले. यातली एक गोष्ट मात्र आशादायक आहे. दाब टोकाला गेलेला असताना पहिले ५० मिलिलिटर बाहेर काढले तरी रोग्याचा रक्तदाब डोळ्यांदेखत वर येतो. वैद्यकात इतका तात्काळ गुण फार थोड्या उपायांना येतो.

आपल्याकडे हृदयावरणात पाणी साचण्याचे एक प्रमुख कारण क्षयरोग हे आहे. क्षय म्हणजे फुप्फुसाचा रोग, असे पुष्कळांना वाटते. पण तो हाडांना, मेंदूच्या आवरणांना आणि हृदयावरणालाही होतो. मूत्रपिंडे निकामी होणे, कर्करोग, विषाणूंचा संसर्ग, छातीवरचा घाव ही आणखी कारणे. क्षयाच्या बाबतीत पाणी काढून भागत नाही. औषधे मिळाली नाहीत तर पुढे ते आवरणच जाड आणि कडक होऊन हृदयाला आवळून धरते.

हृदयाभोवती पाणी साचते हे ज्ञान पुरातन आहे. गॅलेनने प्राण्यांच्या विच्छेदनात ते पाहिले होते. असे पाणी हृदयाला दाबून कसे निकामी करते, याचे स्पष्ट वर्णन इंग्लंडमधल्या रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्ये केले. परंतु शवविच्छेदनात दिसणे वेगळे आणि जिवंत माणसात ओळखणे वेगळे. त्या दिशेने पहिले पाऊल एका खानावळवाल्याच्या मुलाने टाकले. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स येथील लिओपोल्ड आउएनब्रुगर. वडील पिंपावर टकटक करून आत मद्य कोठवर आहे ते ओळखीत. मुलाने डॉक्टर झाल्यावर तीच युक्ती छातीवर वापरली, असे सांगतात. १७६१ साली त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पोकळ जागी आवाज घुमतो, पाणी असेल तेथे बद्द येतो. आपले किराणा दुकानदारही तेलाच्या डब्यावर बोट वाजवून हेच करीत असत. ध्वनीच्या साहाय्याने शरीराच्या आत डोकावण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणायला हरकत नाही, आणि पुढे दोनशे वर्षांनी गाडी पुन्हा ध्वनीवरच आली हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

स्पेनमधल्या फ्रान्सिस्को रोमेरो यांनी १८०१ मध्ये छाती उघडून हृदयावरणातले पाणी काढले. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा जन्मलेले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या आणि त्यांच्या रोग्यांच्या धैर्याची कल्पना येते. छाती न उघडता, पोकळ सुईसारखे हत्यार बरगड्यांमधून आत घालून पाणी काढण्याचे श्रेय व्हिएन्नाच्या फ्रान्झ शूह यांना दिले जाते. साल १८४०. रोगी एक तरुण स्त्री होती. तिच्या छातीवर बोटांनी ठोकून आणि कान लावून निदान केले होते त्याच रुग्णालयातल्या योसेफ श्कोडा यांनी. म्हणजे आउएनब्रुगरचीच विद्या. पाणी निघाले, तिला आराम पडला. पण मूळ रोग गाठीचा होता आणि काही महिन्यांनी त्यानेच ती गेली.

यानंतर ही टोचणी जगभर होऊ लागली, पण भीतभीतच. कारण उघड आहे. सुई बोटभर इकडे गेली तर हृदयाची भिंत, तिकडे गेली तर फुप्फुस, खाली गेली तर यकृत. हृदयाच्या पृष्ठभागावरून त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या धावतात, त्यांतली एखादी फाटली तर ज्या संकटातून सोडवायचे तेच संकट अधिक वेगाने ओढवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले थोर शल्यविशारद बिलरोथ यांनी तर या शस्त्रक्रियेचा अत्यंत जळजळीत शब्दांत निषेध केला होता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे १९११ मध्ये फ्रान्सच्या मार्फां यांनी सुई घालायला छातीच्या मधल्या हाडाखालची, पोटाच्या वरच्या टोकाची जागा सुचवली. फुप्फुस चुकवणारी ही वाट बराच काळ पाठ्यपुस्तकांतली वाट होऊन बसली. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले होते. त्यांनी हृदयाची सावली मोठी झालेली दिसे. पण पाणी आणि स्नायू यांची सावली जवळजवळ सारखीच पडते, तेव्हा फुगले आहे ते हृदय की पिशवी, हे क्ष-किरण सांगू शकत नसत. १९५६ मध्ये सुईलाच विद्युत-हृदयालेखाची तार जोडण्याची युक्ती निघाली. सुई स्नायूला टेकली की आलेख बदले. पण आंधळ्याची काठी भिंतीला लागल्यावर खट्‌ करते, तसाच हा इशारा. भिंत लागल्यावर मिळणारा.

आता पुन्हा पोलादाकडे वळू. काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो, हे पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. उलट अशा स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि कानाला न ऐकू येणारा, अतिउच्च वारंवारतेचा ध्वनी निर्माण करतो. यालाच श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी त्याचा उपयोग पाणबुड्या हुडकण्यासाठी केला. पोलादातले दोष अशा ध्वनीने शोधता येतील, ही कल्पना सोकोलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९२८ च्या सुमारास मांडली. आणि प्रतिध्वनीवर चालणाऱ्या उपकरणाचे पेटंट अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे फायरस्टोन यांना १९४२ मध्ये मिळाले. युद्धानंतर जहाजबांधणीच्या गोद्यांमधून अशी यंत्रे दिसू लागली.

स्वीडनमधल्या लुंड येथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एड्लर यांच्यापुढे त्या वेळी निराळाच प्रश्न होता. हृदयातली अरुंद झालेली झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया नुकत्याच सुरू झाल्या होत्या, आणि कोणत्या रोग्याला त्यांचा उपयोग होईल हे आधी ठरवायला खात्रीचे साधन नव्हते. त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला गाठले. हे हर्ट्झ म्हणजे नोबेल विजेते गुस्ताव्ह हर्ट्झ यांचे चिरंजीव, आणि ज्यांच्या नावाने आपण वारंवारतेचे एकक म्हणतो त्या हाइनरिश हर्ट्झ यांच्याच घराण्यातले. १९५३ मध्ये हेल्मुट हर्ट्झ माल्मो येथील कोकुम्स जहाज गोदीत गेले. तेथले दोष शोधण्याचे यंत्र त्यांनी स्वतःच्या छातीवर टेकवले. पडद्यावर एक प्रतिध्वनी हृदयाच्या ठोक्याबरोबर मागेपुढे नाचत होता. पोलादातली भेग कधी हालत नाही! त्यानंतर सीमेन्स कंपनीकडून एक यंत्र उसने मिळाले. त्या कंपनीच्या एका संशोधनशाळेचे वडील पूर्वी संचालक होते, याचाही उपयोग झाला. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालत्या प्रतिध्वनींचा पहिला आलेख नोंदला गेला. १९७७ मध्ये या दोघांना लॅस्कर पारितोषिक मिळाले.

या कथेतला एक भाग सहसा सांगितला जात नाही, पण विद्यार्थ्यांना तो जरूर सांगावा. झडपेच्या रोग्यांत सर्वांत ठळक हालणारा जो प्रतिध्वनी एड्लर यांना दिसे, तो हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीचा आहे अशी त्यांची प्रथम समजूत होती. पुढे मृत्यूनंतरच्या तपासण्यांशी ताडून पाहिल्यावर तो प्रत्यक्ष झडपेच्याच एका पाकळीचा असल्याचे कळले. पडद्यावर दिसणे आणि काय दिसते ते समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयावरणातले पाणी या यंत्राने दिसते, हे एड्लर यांनी १९५५ मध्येच नोंदवले होते. मात्र वैद्यकीय जगाने ते मनावर घेतले १९६५ नंतर. अमेरिकेतील इंडियाना येथील हार्वे फाइगेनबाउम मेंदूच्या तपासणीसाठी असलेल्या एका यंत्राशी खटपट करीत होते. हृदयाच्या मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी त्यांना स्पष्ट मिळे. पाणी साचले असेल तर तो एकाऐवजी दोन व्हायला हवेत, एक हृदयाचा, एक पिशवीचा, आणि मध्ये मोकळी जागा. कुत्र्याच्या हृदयावरणात मिठाचे पाणी सोडून त्यांनी हे पडताळून पाहिले आणि १९६५ साली प्रसिद्ध केले.

पाणी इतके चांगले का दिसते, हे समजणे अवघड नाही. ध्वनी एका माध्यमातून वेगळ्या घनतेच्या वा वेगळ्या वेगाच्या माध्यमात शिरतो, तेथे त्याचा काही भाग परत फिरतो. स्नायूमध्ये अशा लहानलहान सीमा पुष्कळ, म्हणून तो पडद्यावर करडा दिसतो. स्वच्छ द्रव सगळीकडे सारखाच. त्यातून काहीच परतत नाही, म्हणून तो काळा दिसतो. पोलादात दोष उजळून दिसतो, छातीत दोष काळा दिसतो, एवढाच फरक. शरीरातल्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. ५ सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागेल? जाऊन येऊन अंतर ०.१ मीटर, तेव्हा सुमारे ६५ मायक्रोसेकंद. पोलादात हाच वेग ५९०० मीटर असल्याने तेवढ्याच अंतराला जेमतेम १७ मायक्रोसेकंद पुरतात. वारंवारता ३० लाख हर्ट्झ घेतली तर शरीरात तरंगलांबी अर्धा मिलिमीटर येते. त्याहून फार बारीक वस्तू दिसण्याची अपेक्षा का करू नये, ते मुलांनीच सांगावे.

एड्लर यांच्या यंत्रात फक्त एका रेषेवरची माहिती मिळे. १९७० च्या दशकात अनेक रेषा झपाट्याने फिरवून हालते, द्विमिती चित्र मिळू लागले, आणि मग सुईला वाट दाखवण्याचा विचार व्यवहारात आला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९७९ पासून ही पद्धत बसवण्यात आली. त्यांनी जुनी, ठरावीक जागा सोडून दिली. ज्या जागी पाण्याचा साठा छातीच्या भिंतीला सर्वांत जवळ आणि सर्वांत जाड असेल, तेथेच टोचायचे. बहुतेक रोग्यांत ती जागा हाडाखाली नव्हे, तर डाव्या छातीवर, हृदयाच्या टोकाजवळ निघाली! अंध काळात फुप्फुसाच्या भीतीने जी जागा टाळत होते तीच. ही भीती आता का उरली नाही, त्याचे उत्तर मोठे सुरेख आहे. श्राव्यातीत ध्वनी हवेतून जवळजवळ जातच नाही. म्हणून तर शोधनी आणि कातडी यांच्यामध्ये जेली लावावी लागते. फुप्फुसात हवा भरलेली असते. तेव्हा शोधनीखाली पाणी स्वच्छ दिसत असेल तर त्या वाटेवर फुप्फुस नाही, हे आपोआप सिद्ध होते. ध्वनीला जी वाट मोकळी, ती सुईलाही मोकळी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डॉक्टर सुईचे टोक सतत पडद्यावर पाहात ती आत नेतात, असे नेहमीच नसते. मेयोच्या रीतीत जागा, कोन आणि खोली शोधनीने निश्चित करतात, शोधनी कोणत्या कोनात धरली होती ते मनात पक्के करतात आणि त्याच कोनात सुई घालतात. सुईवर पातळ प्लास्टिकचे नळकांडे चढवलेले असते. द्रव येताच नळकांडे किंचित पुढे सरकवून पोलादी सुई काढून घेतात, म्हणजे धारदार टोक हृदयाशेजारी क्षणभरच राहते. पण आलेला द्रव रक्ताळ असला तर? नळी पिशवीत आहे की हृदयातच शिरली आहे? यावरची युक्ती अगदी साधी आहे. दोन पिचकाऱ्या जोडून मिठाचे पाणी एकीतून दुसरीत जोराने फिरवतात, त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे होतात. हे पाणी नळीतून थोडे सोडले की बुडबुडे पडद्यावर पांढऱ्या ढगासारखे चमकतात. ढग काळ्या जागेत उमटला तर सर्व ठीक. हृदयाच्या कप्प्यात उमटला तर ताबडतोब थांबायचे. जी हवा ध्वनीची वाट अडवते, तीच येथे खुणेला उभी राहते.

मेयो क्लिनिकने २००२ मध्ये २१ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. ९७७ रोग्यांवर ११२७ वेळा ही टोचणी झाली होती. शंभरात ९७ वेळा ती यशस्वी झाली आणि गंभीर इजा १.२ टक्के वेळा झाली. अंध टोचणीच्या जुन्या नोंदींत इजांचे प्रमाण याच्या कितीतरी पट आढळते. क्ष-किरणांच्या हालत्या चित्राखाली किंवा सीटी स्कॅनच्या मदतीनेही हे काम करतात, परंतु त्यासाठी रोग्याला यंत्राकडे न्यावे लागते. ध्वनीचे यंत्र रोग्याच्या खाटेपाशी येते, आणि टॅम्पोनाडचा रोगी हलवण्याच्या स्थितीत नसतो.

पालघरच्या दृष्टीने सारा प्रश्न या एका वाक्यात आहे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. जगात तोवर अशी जेमतेम पाच झाली होती. रोगी वाचला नाही, पण शल्यकौशल्यात मुंबई कोठे होती हे त्यावरून दिसते. तेथून बोईसर सुमारे शंभर किलोमीटर, आणि जव्हार–मोखाड्याचे पाडे घाट चढून आणखी आत. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली ती एप्रिल २०१३ मध्ये. कारखान्यात छातीला मार बसलेला कामगार असो की क्षयाने पाणी साचलेला वाड्या-पाड्यावरचा मुलगा, शंभर किलोमीटरचा रस्ता त्याच्या पिशवीतला दाब ओळखत नाही. म्हणून अशा ठिकाणी जवळच्या रुग्णालयातल्या खाटेशी ते यंत्र आणि ते वाचू शकणारा डॉक्टर असणे, हे मोठ्या शल्यगृहापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

यंत्रे स्वस्त आणि हातात मावतील एवढी लहान झाली आहेत, मग ती गाडीत घालून पाड्यापाड्यावर का नेऊ नयेत, असे कोणी विचारील. त्याला आपल्या समाजाचाच एक दोष आड येतो. याच ध्वनीने गर्भाचे लिंग कळते. त्याचा दुरुपयोग रोखण्याचा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यामुळे सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, आणि सहज नेता येणारी यंत्रे कोठे, कशी वापरावीत यावर २०१२ पासून आणखी निर्बंध आले आहेत. हे निर्बंध अनाठायी आहेत असे मला वाटत नाही. मुलींची संख्या कशी घटत गेली ते आपण पाहिले आहे. पण हृदयतज्ज्ञाचे यंत्रही त्याच नियमाखाली येते, हेही खरे. म्हणून यंत्र फिरवत नेण्यापेक्षा ते तालुक्याच्या रुग्णालयात कायमचे असणे आणि ते वाचण्याचे शिक्षण तेथल्या डॉक्टरांना मिळणे, हाच मार्ग उरतो. एड्लर यांनासुद्धा आपला प्रतिध्वनी नीट वाचायला काही वर्षे लागली होती.

पहिली धार निघाल्यावर काम संपत नाही. शेवटाला गोल वळलेली मऊ नळी पिशवीत ठेवून देतात आणि द्रव तपासायला पाठवतात. चोवीस तासांत पंचवीस मिलिलिटरहून कमी द्रव येऊ लागला की पुन्हा एकदा शोधनी टेकवून पाहतात, मग नळी काढतात. निदान क्षयाचे निघाले तर औषधे पुढे किमान सहा महिने चालतात. ती घरी राहून, रोजच्या रोज घ्यावी लागतात.